पारधी आणि राखणदार

'स्पोर्ट्समन' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटपटू उभा राहतो, फार तर कबड्डीपटू. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर परगण्याच्या लहान लहान गावांतून जाताना रस्त्याच्या कडेला 'स्पोर्ट्समेन्स क्लब' अशा पाट्या दिसतात आणि आपला माणूस हमखास फसतो. आत बॅट नसते, बॉल नसतो. एक लांबट बैठी इमारत, मागे नेमबाजीचे मैदान, शेजारी एखादे तळे, भिंतींवर हरणांची शिंगे आणि एका कोपऱ्यात कॉफीचे भांडे. तिथे स्पोर्ट्समन म्हणजे शिकार करणारा, गळ टाकून बसणारा, सापळे लावणारा माणूस. परगण्यातले असे सगळे क्लब मिळून एक लीग होते. लीग म्हणजे सामनेही नव्हेत. आपल्याकडे गावोगावच्या दूध सोसायट्यांचा तालुका संघ असतो, तसा हा क्लबांचा संघ. प्रत्येक क्लबाने प्रतिनिधी पाठवायचे, महिन्या-दोन महिन्यांनी बैठक घ्यायची, आणि राज्याच्या राजधानीत आपल्या वतीने कोण काय बोलणार ते ठरवायचे.

२०२४ च्या हिवाळ्याच्या तोंडावर मी मुलीकडे राहिलो होतो, तेव्हा तिच्या शेजारच्या गृहस्थांनी मला अशा एका बैठकीला नेले. गृहस्थ पेशाने प्लंबर. जमलेल्यांत एक इलेक्ट्रिशियन, एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, दोन निवृत्त फौजदार, एक परिचारिका. शिकारी म्हटल्यावर आपल्या मनात जो संस्थानिक उभा राहतो, मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढणारा, त्याचा इथे मागमूस नव्हता. आधी ध्वजवंदन झाले, मग मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले, मग खजिनदाराने शिल्लक सांगितली. उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाला तिथे अगदी घरच्यासारखे वाटले. मग विषय निघाले: मुलांना निसर्ग-शिबिराला पाठवण्यासाठी किती शिष्यवृत्त्या द्यायच्या, यंदा तळ्यांत ट्राउट मासे किती सोडले जाणार, रविवारच्या शिकारबंदीचे काय. (रविवारी शिकार करायची नाही, हा तिथल्या जुन्या प्यूरिटन वळणाचा कायदा. शिकारी म्हणत होते, आम्हाला आठवड्यातून सुटी तेवढीच. रानात फिरायला जाणारे म्हणत होते, आम्हालाही तेवढीच.) आणि शेवटी बंदुकीचा नवा कायदा.

हरणांवर बोलणारी तीच माणसे बंदुकीवर आली तेव्हा खोलीतली हवा पालटली. या दोन विषयांना जोडणारी दोरी काय आहे, ते मला त्या रात्री नीट कळले नव्हते. पुढे वाचत गेलो तसे कळत गेले, आणि ते वाटले होते त्याहून फार गुंतागुंतीचे निघाले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेने आपले रान अक्षरशः ओरबाडून खाल्ले. ज्या पॅसेंजर कबुतरांच्या थव्यांनी आकाश झाकोळून जाई म्हणतात, त्यांतले शेवटचे १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर 'हीथ हेन' नावाची रानकोंबडी तग धरून होती. तिच्यातला शेवटचा नर १९३२ मध्ये दिसला आणि मग दिसला नाही. ही कत्तल मुख्यतः बाजारासाठी मारणाऱ्यांची होती. त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेल्यांत दोन तऱ्हेचे लोक होते. एक, बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या बायका, ज्यांनी टोप्यांत पिसे खोचण्याच्या फॅशनविरुद्ध उच्चभ्रू स्त्रियांना चहाला बोलावून बोलावून १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स ऑडुबॉन सोसायटी उभी केली. आणि दुसरे, हौशी शिकारी. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ मध्ये 'बून अँड क्रॉकेट क्लब' काढला तो शिकाऱ्यांचाच. मोसम ठरवा, नगांची मर्यादा ठरवा, रानातले मांस बाजारात विकायला बंदी करा, या मागण्या त्यांनी लावून धरल्या. आपल्याला पुढच्या वर्षीही शिकार मिळावी हा स्वार्थ त्यात होताच. पण लांबचा विचार करणारा स्वार्थ आणि आजच ताटात ओढणारा स्वार्थ यांत फरक असतो, हे कर्जदार पाहिलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

याच विचारातून १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. नेव्हाडाचे सिनेटर की पिटमन आणि व्हर्जिनियाचे प्रतिनिधी विलिस रॉबर्टसन यांचे नाव त्याला चिकटले. तरतूद साधी आहे. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर कारखान्यातच ११ टक्के कर घ्यायचा, आणि तो सर्वसाधारण तिजोरीत न घालता वन्यजीवांसाठी राज्यांना वाटायचा. कोणाला किती, हे राज्याचे क्षेत्रफळ आणि तिथले परवानाधारक शिकारी यांवरून ठरायचे. खर्चाचा चौथा हिस्सा राज्याने स्वतः घालायचा. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की राज्याने शिकारीच्या परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवले तर केंद्राचा पैसा बंद. ही शेवटची अट ज्याने सुचवली त्याला सरकारी हिशेबांची नाडी ठाऊक होती यात शंका नाही. महामंदीच्या दिवसांत, तिजोऱ्या रिकाम्या असताना, वन्यजीवांसाठी असे कुलूपबंद खाते उघडले गेले आणि ते आजतागायत चालू आहे.

त्या पैशाने काय झाले? रानटी टर्कीचे उदाहरण घ्या. मॅसॅच्युसेट्समधून हा पक्षी १८५१ पर्यंत नाहीसा झाला होता. पाळीव टर्की रानात सोडून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. शेवटी १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या रानातून ३७ टर्की पकडून बर्कशरच्या डोंगरात सोडल्या. आज राज्यात तीस ते पस्तीस हजार आहेत. माझ्या मुलीच्या अंगणातून सकाळी सात-आठ जणींचा घोळका असा रुबाबात जातो, की जणू घरपट्टी त्याच भरतात.

आता याच्या उलटी बाजूही तेवढीच खरी. तेच खाते दर वर्षी सुमारे चाळीस हजार फेझंट पक्षी शेडमधून आणून शिकारीच्या मोसमात रानात सोडते. पक्षी मूळचा आशियातला, वाढला पिंजऱ्यात, आज सोडला, उद्या मारला. याला संवर्धन म्हणणे म्हणजे खाटकाच्या दुकानाला गोशाळा म्हणण्यासारखे आहे. बैठकीत फेझंटचा विषय निघाला तेव्हा तक्रार एवढीच होती, की आमच्या बाजूला गाड्या कमी येतात.

पण क्वाबिनची गोष्ट या थट्टेने उडवून लावता येत नाही. बॉस्टन शहराचे पाणी जिथून येते ते हे प्रचंड धरण. त्यासाठी डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट अशी चार गावे १९३८ मध्ये कायद्याने पुसली गेली. कोयनेच्या काठी ज्यांची शेते गेली त्यांना ही गोष्ट परकी वाटायची नाही. धरणाभोवतीचे रान राखून ठेवले आणि तिथे शिकारीला पूर्ण बंदी केली. लांडगे आणि डोंगरी सिंह त्या मुलखातून कधीच संपले होते. मग हरणे वाढली. इतकी वाढली, की जमिनीतून वर आलेले प्रत्येक रोप ती खाऊन टाकू लागली. वरून पाहिले तर रान हिरवेगार, खाली पाहिले तर पुढची पिढीच नाही. म्हातारी झाडे पडली की उभे राहायला कोणी नाही. क्वाबिनचे पाणी मोठ्या गाळणी-यंत्रातून जात नाही, त्याची गाळणी म्हणजे ते रानच. शेवटी बराच वाद होऊन १९९१ मध्ये तिथे नेमस्त प्रमाणात, सोडतीने निवडलेल्या शिकाऱ्यांना सोडण्यात आले. रोपे पुन्हा वर आली. ज्या माणसाला मारणे पाहवत नाही त्याने, म्हणजे माझ्यासारख्याने, ही गोष्ट मुद्दाम दोनदा वाचावी.

१९९६ चे प्रकरणही असेच अवघडलेले. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी सार्वमताने दोन गोष्टी बंद केल्या: पाय अडकवणारे व अंग दाबणारे सापळे, आणि कुत्री लावून अस्वलाची शिकार. शेकडा चौसष्टच्या आसपास मते पडली. सापळ्यात रात्रभर तडफडणाऱ्या जनावराचे चित्र ज्याने पाहिले तो दुसरे काय मत देणार? पण पुढच्या चार-पाच वर्षांत राज्यातले बीव्हर चोवीस हजारांवरून सत्तर हजारांच्या घरात गेले, असा वन्यजीव खात्याचा अंदाज आहे. बीव्हर हा पट्टीचा स्थापत्यविशारद. त्याने ओढ्यांवर बांध घातले, रस्ते पाण्याखाली गेले, तळघरे आणि विहिरी बाधित झाल्या. २००० मध्ये विधिमंडळाला कायद्यात फट ठेवावी लागली: आरोग्यास धोका असेल तर गावच्या आरोग्य मंडळाने तातडीचा परवाना द्यावा. शिकारी आजही ही गोष्ट 'आम्ही सांगत होतो' या सुरात सांगतात. मात्र बीव्हरांच्या बांधांमुळे जी तळी झाली त्यांत बदके आणि बगळे नांदू लागले, हे त्यांतले थोडेच सांगतात.

त्याच सार्वमतात आणखी एक कलम होते, ज्याची चर्चा कमी झाली. वन्यजीव मंडळावरच्या बहुसंख्य सदस्यांकडे शिकारीचा किंवा मासेमारीचा परवाना असलाच पाहिजे, ही जुनी अट रद्द झाली. क्लबांना सापळ्यांपेक्षा हे जास्त लागले. पैसे आम्ही देतो आणि खुर्चीवर बसणार पक्षी बघणारे? प्रश्न उद्धट वाटला तरी पोकळ नाही. नव्वदच्या दशकात अमेरिकेत असा प्रस्ताव आला होता, की दुर्बिणी, तंबू, पाठीवरच्या पिशव्या यांवरही बंदुकीसारखा थोडा कर बसवावा, म्हणजे रानात नुसते हिंडणारेही आपला वाटा उचलतील. उत्पादकांनी विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. निसर्गावर प्रेम करणाऱ्यांचा कर वाचला.

इथे ती दोरी दिसू लागते. परवाने घेणारे शिकारी १९८२ च्या सुमारास देशभरात एक कोटी सत्तर लाखांपर्यंत पोचले होते. त्यानंतर लोकसंख्या वाढली, शिकारी मात्र वाढले नाहीत. तरीही पिटमन-रॉबर्टसनचा निधी फुगत गेला आणि अलीकडे काही वर्षांत वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेला. कसा? कारण १९७० पासून पिस्तुलांवरही १० टक्के कर आहे, आणि आज बंदुका घेणाऱ्यांतले पुष्कळ जण हरणाच्या वाटेलाही जात नाहीत. ते घरात भीती असते म्हणून घेतात, किंवा उद्या बंदी येईल म्हणून आज घेतात. कुठे गोळीबार झाला, कायद्याची चर्चा सुरू झाली, की दुकानांत रांगा लागतात, आणि त्या रांगेतून टर्कीच्या आणि हरणांच्या खात्यात पैसे जमा होतात. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटच्या न्यूटाउन गावी सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली. त्यानंतरच्या खरेदीचा करही याच खात्यात आला. बँकेत असताना ठेवीचा पैसा कुठून आला हे फार विचारायचे नसते अशी एक जुनी रीत होती. पुढे रिझर्व्ह बँकेने ती बदलायला लावली.

२०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे गेली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या. या आत्महत्यांबद्दल क्लबांत बोलणे होत नाही असे नाही. त्या बैठकीत परिचारिकेने उठून सांगितले, की सदस्यांनी एकमेकांच्या घरच्या कपाटाच्या किल्लीची चौकशी करावी, विशेषतः नुकतीच बायको गेलेल्या म्हाताऱ्यांच्या. कोणी टाळी वाजवली नाही, पण कोणी हसलेही नाही. मला त्या रात्रीचे ते सर्वांत शहाणे वाक्य वाटले.

मग नव्या कायद्याचा विषय. जुलै २०२४ मध्ये राज्यपाल मॉरा हीली यांनी सही केलेल्या या कायद्याने घरी जुळवलेल्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांवर बंधने आणली, लष्करी धाटणीच्या बंदुकांची व्याख्या रुंदावली, परवान्याआधी प्रत्यक्ष गोळी झाडण्याचे प्रशिक्षण सक्तीचे केले. ऑक्टोबरात तो तातडीने अमलात आणला गेला. विरोधकांनी सह्या गोळा केल्या, आणि हा कायदा राहावा की जावा हा प्रश्न नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर नेण्याइतक्या त्या भरल्याही. मॅसॅच्युसेट्स हे बंदुकीने मरणाऱ्यांचे प्रमाण देशात सर्वांत कमी असलेल्या राज्यांपैकी एक. गंमत अशी, की हा एकच आकडा दोन्ही बाजू वापरतात. एक म्हणते, बघा, कायद्यांचा उपयोग होतो. दुसरी म्हणते, मग आणखी कायदा कशाला?

क्लबातले लोक या विषयावर चिडतात तेव्हा त्यांचे काही म्हणणे मला पटते. नोकरशाहीने न समजता केलेल्या व्याख्या, वाढती फी, आणि शहरातल्या माणसाची आपल्याकडे खुनी म्हणून बघण्याची नजर, हे सगळे खरे आहे. पण एक गोष्ट पटत नाही. हा माणूस आधी शिकारीचे शिक्षण घेतो, परवाना काढतो, ठरलेल्या मोसमात जातो, घरांपासून पाचशे फूट आणि रस्त्यापासून दीडशे फूट दूर राहतो, नारिंगी जाकीट घालतो, हरणासाठी रायफल नव्हे तर शॉटगनच वापरतो, मारलेल्या हरणाला चिठ्ठी बांधतो आणि ४८ तासांत त्याची वर्दी देतो. एवढी शिस्त मुकाट्याने पाळणारा हा माणूस बंदुकीच्या नोंदीचे नाव काढताच 'जुलूम' म्हणून ओरडतो. मी शेजाऱ्यांना हे विचारले. त्यांनी गाडी चालवता चालवता शांतपणे उत्तर दिले, की हरीण सगळ्यांचे आहे, बंदूक माझी आहे. उत्तर चोख आहे. पण बंदुकीतून सुटलेली गोळी कोणाची, हे त्यात येत नाही.

त्यांच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा प्रवास पाहिला तर हे आणखी उलगडते. १८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये यादवी युद्धातल्या अधिकाऱ्यांनी ती काढली ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. शतकभर तिचे मुख्य काम स्पर्धा, प्रशिक्षण, शिकारीची सुरक्षितता हेच होते. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत बंडखोर गटाने जुन्या पदाधिकाऱ्यांना रातोरात बाजूला सारले आणि संस्था राजकारणात पूर्ण उतरली. तेव्हापासून घटनेची १७९१ ची दुसरी दुरुस्ती हा तिचा वेदमंत्र झाला. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या हेलर खटल्यात आणि २०२२ च्या ब्रुएन खटल्यात तो मंत्र बराचसा मान्यही केला. गावच्या क्लबाने मात्र १९७७ पूर्वीचाच क्लब राहायचे ठरवले तर त्याला अडवणारे कोणी नाही. हरणाच्या बाजूने बोलताना त्याच्या शब्दाला जे वजन आहे, ते प्रत्येक बंदुकीच्या बाजूने बोलताना तो आपण होऊन खर्चून टाकतो.

परतीच्या वाटेवर शेजाऱ्यांनी मला विचारले, तुमच्याकडे रान कोण राखतं? पैसे कोण देतं?

आपल्याकडेही सुरुवात बंदुकीनेच झाली. १८८३ मध्ये मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली तिच्या पहिल्या सभासदांत शिकाऱ्यांची वाण नव्हती. सलीम अलींच्या पक्षिविद्येचा उगम त्यांनी पोरवयात छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीत आहे. व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे कागद-पेन्सिल घेऊन. शस्त्राच्या हक्काचीही गोष्ट आपल्याला परकी नाही. काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला होता. १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो पुन्हा मांडला, डॉ. आंबेडकरांनी तो मान्य केला नाही, आणि आपण वेगळ्या वाटेने गेलो. १९५९ चा शस्त्र कायदा आला, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार संपली. प्लंबर आणि ड्रायव्हर यांचा शिकारी क्लब आपल्याकडे कधी नव्हताच. शिकार ही एका टोकाला राजाची हौस आणि दुसऱ्या टोकाला फासेपारध्याचे पोट. कायद्याने राजाची हौस गेली, त्याचे काही बिघडले नाही. फासेपारध्याला इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याच्या परंपरेत जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, तो शिक्का १९५२ मध्ये पुसला आणि वीस वर्षांनी त्याचा धंदाच गुन्हा झाला. पर्यायी पोट कोणी दिले नाही.

आणि पैसे कोण देतो? तिजोरी देते, पर्यटक देतो, हे खरे. पण विदर्भात कर्जाच्या फायली तपासत फिरलो तेव्हा मी पाहिले, की मोठा वाटा तिसराच कोणी देतो, आणि त्याची पावती कोणी फाडत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभी ज्वारी लोळवून जातो. आमच्या पीककर्जाच्या अर्जात पाऊस, कीड, गारपीट यांना रकाने होते, डुकराला नव्हता. नुकसानभरपाई मिळते, पण पंचनाम्याच्या पायऱ्या चढून. मग कोणी कुंपणात विजेची तार सोडतो. तिला डुक्कर चिकटते, कधी वाघ चिकटतो, कधी शेजारच्या शेतात पाणी द्यायला निघालेला माणूस. नोव्हेंबर २०१८ मध्ये पांढरकवड्याजवळ टी-१ वाघीण गोळी घालून मारली तेव्हा शहरांत मेणबत्त्या लागल्या. तिच्या नावावर लागलेले तेरा बळी ज्या गावांतले होते, त्या गावांत त्या रात्री लोक निजले.

उपद्रवी रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी मिळू शकते. ती मिळाली तर मारायला परवान्याची बंदूक लागते. यवतमाळकडच्या आमच्या एका खातेदाराकडे ती होती, आजोबांच्या वेळची, तोंडाकडून ठासायची, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आमच्या बँकेच्या दारावरच्या रखवालदाराच्या बाराबोअरला मात्र त्यातून सूट होती. विधानसभेच्या निवडणुका २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही खेपेला ऑक्टोबरात आल्या, २०२४ ला नोव्हेंबरात. खरिपाची ज्वारी दाण्यावर येऊन कापणीला लागते ती याच दिवसांत. त्या रात्री तो मचाणावर पत्र्याचा डबा बडवत बसे.